मफिनसाठी पीठ कोणतं? डब्यातलं बघा की आधी

भाचीचा संभाजीनगरहून फोन, मागं मिक्सर चालू अन् ही त्याच्या वर ओरडून विचारायलीय, "मावशी, केक फ्लार म्हणजे नेमकं काय गं? एका दुकानदारानं कॉर्नफ्लार हातात दिलं, दुसऱ्यानं केकचं प्रीमिक्स काढलं अन् तिसरा म्हणला ताई असलं काही आपल्याकडं येत नाही." त्यातला तिसराच खरं बोलला. आपल्याकडच्या किराणा दुकानात केक फ्लार नावाचं पीठ सहसा मिळत नाही, अन् व्हिडिओतली बाई मोठ्या पाकिटातून ते भसाभस ओतायलेली बघून आपल्याला वाटतं की हे नाही म्हणजे मफिनच नाही. होतात की मफिन. उलट मी तर म्हणते मफिनला जसलं पीठ लागतं तसलं परभणी-हिंगोलीकडच्या कुठल्याही घरात डबाभर असतंय, फक्त ते भाकरीचं म्हणून आपण त्याच्याकडं बघत नाही.

आधी ती नावं उरकून टाकू. ऑल पर्पज फ्लार म्हणलं की आपला साधा मैदा घ्यायचा, अगदी तंतोतंत तेच नाही पण काम भागतं. सेल्फ रेझिंग म्हणजे मैद्यात बेकिंग पावडर अन् मीठ आधीच कालवलेलं, त्यासाठी वेगळं पाकीट शोधत फिरायची गरज नाही, एक कप मैद्याला दीड छोटा चमचा बेकिंग पावडर अन् पाव चमचा मीठ घालून चाळून घ्या, झालं. ब्रेड फ्लार मफिनला नकोच. अन् केक फ्लार म्हणजे मऊ गव्हाचं, एकदम बारीक दळलेलं, कमी प्रोटीनचं पीठ. कमी प्रोटीन हे ऐकून आमच्या घरात सगळ्यांचे कान टवकारतात कारण हल्ली प्रत्येक गोष्टीत प्रोटीन वाढवायचं खूळ निघालंय, पण मफिनच्या बाबतीत गणित उलटं आहे.

गव्हात दोन प्रथिनं असतात, ग्लायडिन अन् ग्लुटेनिन. कोरडी असताना ती गप पडून असतात, पाणी लागलं अन् हात फिरला की एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं, ते ग्लुटेन. पोळीला हे जाळं पाहिजेच, त्याशिवाय पोळी लाटली जाणार नाही, फुगणार नाही, डब्यात घडी करून ठेवली तर मोडेल. ब्रेडला तर त्याहून जास्त. मफिनला मात्र ते जेमतेम लागतं, फुगताना आतला गॅस धरून ठेवण्यापुरतं, त्याच्यापेक्षा जास्त झालं की मफिन रबरासारखं होतं, वरून टोक काढून उभं राहतं अन् मधून कापलं की आत लांबुळकी भोकं दिसतात. म्हणजे ज्या पिठाची पोळी एक नंबर होते ते पीठ मफिनला जरा जडच जातं. परदेशी पिठांचं साधारण असं असतं की केक फ्लारमध्ये 7 ते 9 टक्के प्रोटीन, ऑल पर्पजमध्ये 10 ते 12 अन् ब्रेडच्या पिठात 12 ते 14. आपल्या मैद्याच्या पाकिटावर मागं तक्ता असतो त्यात 100 ग्रॅमला किती प्रोटीन ते दिलेलं असतं, बहुतेक ठिकाणी 10-11 च्या आसपास. दोन पाकिटं समोर असली तर कमी आकड्याचं उचला, एवढं साधं आहे. सुट्टा मैदा घेत असाल तर आकडा कुठून कळणार, मग दुकानदाराला विचारायचं की हा नानकटाई-बिस्किटाचा आहे का रुमाली-नान-पाववाल्यांचा, चांगल्या किराणावाल्याला हा फरक माहीत असतोय.

हे सगळं वाचून डोक्यात शिरत नाही, हातानं बघितलं की एका झटक्यात कळतं. लिंबाएवढे तीन गोळे मळायचे, एक मैद्याचा, एक कणकेचा, एक ज्वारीच्या पिठाचा. पंधरावीस मिनिटं झाकून ठेवायचे अन् मग एकेक गोळा पातेल्यातल्या पाण्यात हळूहळू चोळायचा. मैद्याचा गोळा चोळला की पाणी पांढरंफेक होतं, ते सगळं स्टार्च, पाणी बदलत राहायचं, गोळा लहान लहान होत जातो अन् शेवटी बोटांत उरतो तो पिवळट करडा, लिबलिबीत तुकडा, ओढला की लांबतो, सोडला की मागं येतो. तेच ग्लुटेन. कणकेच्या गोळ्यातून पाणी तांबूस येतं, कोंड्याची फोलपटं सुटून वर तरंगतात अन् उरतो तो तुकडा खरबरीत, ओढला तर मधेच फाटतो, कारण कोंड्याचे बारीक तुकडे जाळं कापत राहतात. अन् ज्वारीचा गोळा? तो पाण्यात गेला की गेलाच. बोटांतून विरघळून खाली बसतो, हातात काहीच राहत नाही. माझ्या मुलाला हे शाळेच्या प्रयोगासाठी करून दाखवलं होतं तर प्रयोग राहिला बाजूला अन् तो ग्लुटेनचा तुकडा घेऊन तो दिवसभर हिंडला.

तर आता एकेका पिठाचं.

मैदा. मैद्याला शिव्या घालायची फॅशन आहे अन् त्याच्याबद्दल व्हॉट्सअॅपवर काय काय फिरतं, आतड्याला चिकटतो इथपासून, मी त्यात पडत नाही. मैदा म्हणजे गव्हाचा कोंडा अन् अंकुर काढून उरलेला पांढरा गाभा, रोलर मिलमध्ये दळून चाळलेला. पोटात जाऊन काही डिंक होत नाही त्याचा. त्यात फायबर फारसं नाही, रोज खायची वस्तू नाही, ते खरं. एक गोष्ट मात्र ठाऊक असू द्या, ब्रेड-पावात पूर्वी पोटॅशियम ब्रोमेट, म्हणजे पाव चांगला फुगावा म्हणून घालायचं एक रसायन, घालायला परवानगी होती ती 2016 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं काढून घेतली, म्हणजे पावात ब्रोमेट घालतात असला जुना मेसेज कुणी आता फॉरवर्ड करत असेल तर त्यांना एवढं सांगा. पहिल्यांदाच मफिन करणाऱ्यानं माझं ऐका अन् निम्मा तरी मैदा घ्या, कारण मैद्याचं वागणं सरळ असतं, रेसिपीत लिहिलंय तेवढं दूध घातलं की रेसिपीत दाखवलंय तसलंच बॅटर होतं. अगदी हलकं, कपकेकसारखं पाहिजे असेल तर एक कप मैद्यातून दोन मोठे चमचे मैदा काढायचा अन् तेवढंच कॉर्नफ्लार घालायचं, दोनदा चाळायचं. कॉर्नफ्लार नुसतं स्टार्च असतं त्यामुळं एकूण ग्लुटेन पातळ होतं. हाच घरगुती केक फ्लार, भाचीला मी हेच सांगितलं. पण खरं सांगू का, केळं, गूळ, अक्रोड असलं काही मफिनमध्ये घालणार असाल तर एवढं हलकं पीठ नकोच, घातलेलं सगळं तळाला जाऊन बसतं.

कणीक. इथं लोक सगळ्यात जास्त फसतात कारण इंग्रजी रेसिपीत होल व्हीट फ्लार लिहिलेलं असतं अन् आपण कणीक घेतो, दोन्ही अख्ख्या गव्हाचंच तर असतं ना. पण आपला गहू दगडाच्या चक्कीत दळला जातो. दगडांत घासताना पीठ तापतं अन् स्टार्चचे कण बऱ्यापैकी फुटतात, फुटलेला स्टार्च पाणी जास्त पितो. म्हणून तर आपली पोळी मऊ राहते. मफिनमध्ये हाच गुण अडचण करतो, मैद्याच्या रेसिपीत नुसती कणीक टाकली की बॅटर बघता बघता घट्ट होतं, माणूस घाबरून दूध ओततो, परत ढवळतो अन् ढवळलं की ग्लुटेन. त्यापेक्षा सुरुवातीलाच कपामागं दोन-तीन मोठे चमचे दूध किंवा ताक जास्त धरा अन् बॅटर कालवून पंधरा मिनिटं ठेवा, कोंडा तेवढ्यात भिजतो, खाताना दाताखाली येत नाही. फक्त बेकिंग पावडर, सोडा आधी घालून ठेवायचा नाही, तो ट्रेमध्ये ओतायच्या आधी. अन् हो, कणकेच्या पाकिटावरचा प्रोटीनचा आकडा मैद्यापेक्षा मोठा दिसतो पण तो सगळा ग्लुटेन करणारा नसतो, कोंड्यातलं अन् अंकुरातलं प्रोटीन पण त्यात मोजलेलं असतं.

गहू कुठला यानंही फरक पडतोच. आमच्याकडं बहुतेक घरात लोकवन, कुणाकडं सिहोरकडचा शरबती, सणावाराच्या पोळीला तो भाव खातो. मफिनला शरबतीचे पैसे घालवू नका, त्याची लवचिकताच तर आपल्याला नकोय. बन्सी हा जड, पिवळसर, काचेसारखा टणक गहू, रव्याचा अन् शेवयांचा, त्याचं पीठ मफिनमध्ये कणीदार लागतं, काहीजणांना ते आवडतंय पण मला नाही. खपलीचं ग्लुटेन नाजूक असतं, पोळी करताना जपून लाटावी लागते, अन् तेच मफिनला बरं पडतं, चवही गोडसर येते. पण खपली आमच्या भागात पिकते कमी, सांगली-बेळगावकडून येते अन् भाव ऐकला की मफिनचा विचार बाजूला राहतो. अन् कुणी सांगितलं की खपलीत ग्लुटेन नसतंच, तर ते चूक आहे, तोही गहूच.

आता आमच्या सासूबाईंचं ऐका. त्यांच्या वेळी मैद्याची पाकिटं कुठली, पुरणपोळीला अन् करंजीला सपीट करायचे. गव्हाला पाण्याचा हात लावून फडक्यात बांधून ठेवायचे, दमट झाला की दळायचा अन् मग पातळ धोतराच्या कपड्यातून गाळायचा. गहू ओलावला की वरची साल चिवट होते, दळताना तिचा चुरा होत नाही, मोठे पापुद्रे राहतात अन् चाळणीत वरच्या वर अडकतात, आतला पांढरा भाग तेवढा खाली. मोठ्या मिलमध्येही दळायच्या आधी गव्हाला पाणी देऊन तेच करतात, फक्त मशीननं. मी मफिनसाठी एवढं करत नाही, करणारही नाही, पण मैद्याची बारीक चाळणी घेऊन घरच्या कणकेला दोनदा चाळते. कपभर पिठातून मूठभर कोंडा निघतो, तो थालीपीठाच्या भाजणीत जातो नाहीतर शेजारच्या गाईला. चाळलेली कणीक ही मैदा अन् कणीक यांच्या मधली गोष्ट झाली, रंग तांबूस येतो, चव गव्हाची राहते, कोंडा जाचत नाही.

गिरणीतही सांगावं लागतं. आमच्या गिरणीवाल्या मामांना नुसतं "बारीक" म्हणलं की ते पोळीचं दळतात, म्हणून मी सांगते मामा एक नंबर बारीक, तर ते विचारतात, "कामून ताई, अनारशाचं हाय का?" आता त्यांना मफिन काय सांगावं. केक म्हणलं की कळतं. एक करायचं, दळण गरम गरम डब्यात कोंबायचं नाही, परातीत पसरून गार होऊ द्यायचं, नाहीतर वाफ धरते, पीठ गोळ्या धरतं अन् लवकर जाळी लागते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा हवा इतकी कोरडी की तेच पीठ, तीच वाटी, तरी दूध जास्त लागतं, अन् श्रावणात बरोबर उलटं. रेसिपीत हे कुणी लिहीत नाही. म्हणून दूध सगळं एकदम ओतू नका, दोन चमचे मागं ठेवा. (संभाजीनगरला पाणचक्की बघायला लोक जातात, कबुतरं अन् हौदाचे फोटो काढून येतात, पण तिथं पाण्याच्या जोरावर जातं फिरवून दर्ग्यातल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी दळण व्हायचं हे बघत उभं राहावं असं मला दरवेळी वाटतं. घरचे मात्र पुढं गेलेले असतात.)

आता माझं लाडकं. ज्वारी.

जगात जर्मनी अन् भारतात परभणी असं म्हणतात ते गमतीनं, पण ज्वारीच्या बाबतीत आम्ही ते मनावर घेतो. इथं 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यांची परभणी मोती, परभणी ज्योती ही वाणं शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत अन् 2018 मध्ये परभणी शक्ती आली, लोह अन् जस्त जास्त असलेली. 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा तर शहरातल्या बेकऱ्यांमध्येही ज्वारीची बिस्किटं आली अन् पाकिटावर किंमत अशी की आमचे सासरे म्हणले, "या पैशात अर्धी गोणी जवारी येती की." घरात येते ती रब्बीची, शाळू, मालदांडी नाहीतर दगडी. पांढरी, टपोरी. खरिपातली ज्वारी पावसात सापडली की दाणा काळा पडतो, त्याचं पीठ मफिनमध्ये करडं दिसतं अन् चवीला पण उग्र, ती नको.

ज्वारीत ग्लुटेन नाही. भाकरी थापणाऱ्या कुणालाही हे सांगायची गरज नाही, गरम पाणी घेऊन मळलं नाही तर कडा फाटतात, अन् पीठ जुनं झालं, विरी म्हणजे त्याचा चिकटपणा गेला की परातीतून भाकरी उचलताना हातात तुकडे. जिथं भाकरीची ही अडचण आहे तिथंच मफिनचा फायदा. कणकेत ज्वारी मिसळली की ग्लुटेनचं जाळं पातळ होतं, जे काम कॉर्नफ्लार करतं तेच, वरून चव अन् सत्त्व मिळतं ते वेगळं. म्हणजे केक फ्लार, केक फ्लार करत दुकानं पालथी घालायची अन् घरात ज्वारीचा डबा. चाळलेली कणीक तीन वाटे अन् ज्वारी दोन वाटे, माझ्या हाताला हे प्रमाण बसलंय. निम्मं-निम्मं केलं तरी जमतं पण मग मफिन गरम असताना कागद काढायला गेलं की चुरा होतो, गार होईपर्यंत थांबावं लागतं अन् आमच्या घरात ते कुणाला जमत नाही. नुसत्या ज्वारीचे करायचे असतील तर धरून ठेवायला अंडी किंवा भिजवलेलं जवस पाहिजे.

ज्वारीची एक खोड आहे, ती रवाळ लागते. पीठ कितीही बारीक असू द्या, मफिन खाताना जिभेवर वाळूसारखं काहीतरी राहतं अन् दुसऱ्या दिवशी कोरडंठाक. याचं कारण असं की ज्वारीचा स्टार्च गव्हाच्या स्टार्चपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, गव्हाचा साधारण 60 अंशाच्या आसपास फुलायला लागतो तर ज्वारीला 70 च्या घरात जावं लागतं, अन् आजूबाजूला पाणी कमी, साखर जास्त असली की त्याहूनही उशीर. म्हणजे बाकीचं मफिन शिजून तयार अन् ज्वारीचा कण अजून अर्धवट कच्चा. यावर उपाय आपल्याकडं आधीपासून आहे, उकड. भाकरीला आपण आधणाचं पाणी घालतो ना, तसंच. अर्धा कप ज्वारीच्या पिठावर उकळतं दूध ओतायचं, कोमट नाही हां, बुडबुडे येणारं, अन् चमच्यानं पटकन हलवायचं. आधी गुठळ्या दिसतात, दोन-तीन मिनिटं झाकून ठेवलं की पीठ दूध पिऊन फुगतं, रंग जरासा पारदर्शक होतो अन् चमचा फिरवला की पातेल्याची कड सोडून एकत्र गोळा येतो, शिजल्याचा वास पण येतो, तो वास आला की समजायचं झालं. गार होऊ द्यायचं अन् मग केळ्याबरोबर कुस्करून टाकायचं. एवढ्या एका गोष्टीनं रवाळपणा जातो अन् ओलावा टिकतो. मी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, भाकरीवरूनच सुचलं, पण सुचायला हवं होतं लवकर सगळ्यांनाच, भाकरी तर घरोघरी होते.

बाकीची पिठं पटकन सांगते. बाजरीत तेलाचं प्रमाण जास्त, दळून आठवडा झाला की कडवटपणा येतो, मफिनमध्ये तो कडवटपणा साखरेनंही झाकत नाही, म्हणून ताजी दळलेली अन् थोडी, संक्रांतीच्या दिवसात तीळ-गूळ घालून छान लागते. बेसन तिखट-मिठाच्या मफिनला झकास, मेथी, कांदा, ओवा घालून, गोडात मात्र कच्चट वास मारतं. सोयाबीन तर लातूरपासून नांदेडपर्यंत नजर जाईल तिथं, म्हणून लोक त्याचं पीठ कशातही मिसळतात, मिसळा पण कपाला एखाददुसरा चमचा, जास्त झालं की वास येतो अन् वरून लवकर करपतं. राजगिरा अन् शिंगाड्याचे उपवासाचे मफिन माझ्या जावेनं केले होते, चांगले झाले होते, पण त्यात बेकिंग पावडर अन् बेकिंग पावडरमध्ये कॉर्नस्टार्च, मग उपवासाला चालतं का यावर एवढी चर्चा झाली की मफिन गार झाले. मल्टीग्रेन आटा म्हणून जी पाकिटं येतात त्यांच्या मागं बघा, बहुतेकांत नव्वद टक्क्यांच्या पुढं गहूच असतो, मग पैसे कशाचे देताय ते तुमचं तुम्ही ठरवा.

एक गोष्ट मात्र गंमतीवारी नेऊ नका. कुणाला सिलिॲक, म्हणजे ग्लुटेन अजिबात न सोसण्याचा आजार असेल, डॉक्टरांनी ग्लुटेन पूर्ण बंद सांगितलं असेल, तर गिरणीतून दळून आणलेली ज्वारी त्यांना देऊ नका. तुमच्या आधी त्याच दगडातून कुणाचा तरी गहू गेलेला असतो अन् त्याचं थोडं तरी पीठ पुढच्या दळणात येतंच, आपल्याला ते चालतं, त्यांना नाही. त्यांच्यासाठी गहू कधी न घातलेल्या घरच्या चक्कीत किंवा मिक्सरमध्ये वेगळं दळा, चाळणी पण वेगळी.

मोजमापाचं पण बोलायला पाहिजे कारण पीठ बरोबर निवडलं अन् मोजताना चुकलं तर काय फायदा. रेसिपीतला कप 240 मिलीचा, आपली आमटीची वाटी त्यापेक्षा लहान, ती भरून घेतली की सगळं कमी पडतं. मैदा कपभर म्हणजे 120-125 ग्रॅम, पण कप डब्यात बुडवून दाबून भरला तर तोच दीडशेवर जातो. वजनकाटा असेल तर प्रश्नच मिटला, दिवाळीला चकलीची भाजणी मोजायला आणलेला काटा असतोच बऱ्याच घरात. नसेल तर पीठ चमच्यानं हलकं हलकं कपात भरून वरून सुरीनं सपाट करा.

आता मी करते ते सांगते, अर्धापूरची केळी मिळतात त्या दिवसात जास्त करून. नांदेडचा पाहुणा आला की डझनभर आणतोच अन् शेवटची दोन-तीन काळी पडतात, ती मफिनला सगळ्यात भारी. चाळलेली कणीक 90 ग्रॅम, ज्वारीचं पीठ 60 ग्रॅम. ज्वारीवर 100 मिली उकळतं दूध ओतून वर सांगितलं तशी उकड काढायची. ती गार झाली की त्यात एक मोठं पिकलेलं केळं कुस्करायचं, चार मोठे चमचे दही, 80 ग्रॅम किसलेला गूळ, पाव कपाला थोडं कमी तेल, शेंगदाण्याचं नको त्याचा वास वर येतो, करडईचं रिफाइंड किंवा सूर्यफूल. हे सगळं इतकं फेटा की गुठळी राहायला नको, यात अजून कणीक नाही त्यामुळं फेटायला काही भीती नाही, हात दुखेस्तोवर फेटा. दुसऱ्या भांड्यात कणीक, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सपाट सोडा, चिमूट मीठ, वेलची किंवा जायफळ, चाळून घ्यायचं. मग कोरडं ओल्यात टाकायचं अन् इथून पुढं हात आखडता. खालून वर, खालून वर, मोजून पंधरा वेळा उलथनं फिरलं की पुरे, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, लहान गाठी राहिल्या तर राहू द्या, त्या ओव्हनमध्ये जातात. चमच्यानं उचललं तर बॅटर धप्पकन पडलं पाहिजे, धार लागली तर पातळ झालंय, एखादा चमचा कणीक, अन् पडतच नसेल तर मागं ठेवलेलं दूध.

कणकेला भिजायला वेळ द्या असं मी वर म्हणलंय अन् इथं सोडा घालून लगेच ट्रेमध्ये ओतायला सांगतेय, तर याचं असं आहे की कोंडा चाळून गेलाय अन् ज्वारी आधीच भिजलीय, त्यामुळं थांबायचं कारण उरत नाही. न चाळता करणार असाल तर कणीक त्या ओल्या मिश्रणातच कालवून पंधरा मिनिटं ठेवा अन् सोडा-पावडर शेवटी चमचाभर दुधात कालवून पटकन मिसळा.

ओव्हन आधी दहा मिनिटं 200 ला तापवून घ्यायचा, ट्रे आत गेला की पाच मिनिटांनी 180 करायचा अन् मग वीसेक मिनिटं. सुरुवातीचा जोराचा ताव मफिनला वर ढकलतो. आमच्याकडं वीज ऐन मधल्या दहा मिनिटात जाते असा अनुभव आहे, गेली तर दार उघडू नका, आत उष्णता असते, परत आली की थोडं वाढवून घ्या. काडी टोचून कोरडी आली तरी ज्वारीच्या मफिनला अजून दोन मिनिटं द्या. सहाच्या ट्रेला हे बॅटर जरा जास्तच होतं, उरलेलं स्टीलच्या लहान वाटीला तेल लावून त्यात घालते, ती वाटी सासूबाईंची, त्यांना कागदातलं आवडत नाही.

अन् फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत. थंडीत स्टार्च लवकर घट्ट होतो, ज्वारीचा तर फारच, सकाळी खायला घेतले की खडे. हिवाळ्यात दोन दिवस डब्यात बाहेर चांगले राहतात, उन्हाळ्यात एक दिवस, केळं असल्यामुळं पुढं आंबूस होतात. जास्त केले असतील तर सरळ फ्रीझरमध्ये टाका, फ्रीजमध्ये नाही, अन् खायच्या आधी तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर गरम करा, खाली थोडी कड कुरकुरीत होते ती माझ्या मते मफिनपेक्षा चांगली लागते.